रिपोर्टवर नॉर्मल लिहिलंय, मग गोळी का वाढवली?

या वेळेला हार्ट आणि शुगर दोन्ही असलेल्या घरांतलीच पत्रं घेतलीयत. बऱ्याच जणांनी नुकतेच रिपोर्ट काढलेत आणि प्रश्न फिरून फिरून कोलेस्टेरॉलवरच येतायत. वाचताना एवढं ध्यानात ठेवा, एलडीएल म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, एचडीएल म्हणजे चांगलं, आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी. नावं कुणाचीच टाकली नाहीत. एक विनंती आहे, इथलं वाचून स्वतःच्या मनानं गोळी कमीजास्त करू नका, हा अंक घेऊन आपल्या डॉक्टरकडं जा आणि त्यांना विचारा.

प्रश्न : वय ५८, यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहे. शुगर नऊ वर्षांपासून, दोन वर्षांखाली अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसलाय. अ‍ॅटोरवा २० रोज रात्री घेतो, चुकवत नाही. परवा रिपोर्ट काढला, टोटल १६८, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड २००, एलडीएल ९२. कागदावर एलडीएलसमोर शंभरच्या आत असं छापलंय म्हणजे मी पासच झालो की. तरी डॉक्टरनी गोळी बदलून रोसुवा २० केली आणि वर एझेटिमाइब १० जोडली. मेव्हणे म्हणतात उगं गोळ्या वाढवतात. खरं काय समजायचं? (अशोक चौक)

उत्तर : दादा, तुमच्या डॉक्टरनी बरोबर केलंय, आणि हे मेव्हण्यांनाही वाचून दाखवा.

रिपोर्टच्या उजव्या बाजूला जो आकडा छापलेला असतो तो सगळ्यांना एकच असतो. शेजारच्या पंचविशीतल्या धडधाकट पोराच्या कागदावर तोच आणि स्टेंट बसलेल्या, नऊ वर्षं शुगर असलेल्या माणसाच्या कागदावरही तोच, कारण लॅबला तुमच्या रक्ताची बाटली मिळते, तुमची फाइल मिळत नाही. ज्याला एकदा हार्टचा त्रास झालाय आणि वर शुगर आहे त्याचा एलडीएल ५५ च्या खाली पाहिजे. युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ मध्ये हा आकडा धरला आणि कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियानं २०२४ मध्ये आपल्या लोकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या त्यातही तुमच्यासारख्यांना हाच आकडा आहे. म्हणजे ९२ हा तुमच्यासाठी पास नाही, अजून बरंच खाली जायचंय.

आता कागद पुढ्यात घ्या आणि पेन घ्या. टोटल १६८ मधून एचडीएल ३६ वजा करा. १३२ आले. याला नॉन एचडीएल म्हणतात, आणि शुगरवाल्या माणसानं हा आकडा एलडीएल इतकाच जपावा असं मी प्रत्येकाला सांगतो. शुगरमध्ये काय होतं की ट्रायग्लिसराइड वाढतं, चांगलं म्हणतात ते एचडीएल पडतं, आणि एलडीएलचे कण बारीक पण संख्येनं जास्त होतात, त्यामुळं नुसता एलडीएलचा आकडा बघितला तर तो गरीब वाटतो आणि आत मात्र नसेच्या भिंतीत शिरणाऱ्या कणांची गर्दी असते. नॉन एचडीएलमध्ये ती गर्दी बऱ्यापैकी पकडली जाते. तुमचा हा आकडा ८५ च्या खाली पाहिजे, आहे १३२.

मग अ‍ॅटोरवा २० ची नुसती ४० का नाही केली, असं वाटेल. अ‍ॅटोरवा, रोसुवा या जातीच्या गोळ्यांना स्टॅटिन म्हणतात. स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल जेमतेम सहा टक्केच अजून खाली येतो, म्हणजे तुमचा ९२ चा ८५ च्या आसपास येऊन थांबला असता. एझेटिमाइबचं काम वेगळ्या ठिकाणी चालतं. स्टॅटिन लिव्हरमध्ये कोलेस्टेरॉल तयार होणं कमी करतं, मग लिव्हरला कमी पडायला लागलं की ते रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. एझेटिमाइब आतड्यातून शोषलं जाणारं कोलेस्टेरॉल अडवतं. दोन दारं बंद केली की साधारण वीस टक्के आणखी उतरतं, आणि तुमच्या डॉक्टरनी स्टॅटिनही जोरकस दिलंय. तरीही ५५ ला टेकायला कदाचित थोडं कमी पडेल, तेव्हा सहा ते आठ आठवड्यांनी परत रिपोर्ट काढायचा आणि तो घेऊन जायचं, हे विसरू नका.

आणि हे नुसतं कागदावरचे आकडे सुंदर दिसावेत म्हणून नाही. २००८ मध्ये चौदा अभ्यासांतल्या १८,६८६ शुगरवाल्या रुग्णांचा एकत्र हिशोब झाला, त्यात एलडीएल दर ३९ ने खाली आला की अटॅक, पॅरालिसिस, बायपास-स्टेंट असल्या गोष्टी सुमारे पाचव्या हिश्श्यानं कमी झाल्या. एझेटिमाइबचा मोठा अभ्यास २०१५ चा, १८,१४४ रुग्णांचा, आणि त्यात शुगर असलेल्यांना जास्त फायदा दिसला, सात वर्षांत नुसत्या स्टॅटिनवर १०० तल्या ४५ जणांना काही ना काही झालं आणि जोडगोळीवर ४० जणांना. शंभरातली ती पाच माणसं म्हणजे पाच घरं आहेत.

स्टॅटिननं शुगर वाढते असंही कुणीतरी सांगेल तुम्हाला. वाढते, पण फार थोडी, शुगरच्या तीन महिन्यांच्या सरासरीत (एचबीए१सी) शून्य पॉइंट एक-दोनचा फरक. ती आपण जेवणानं, चालण्यानं, लागलं तर औषधानं धरू. हार्टला मिळणारा फायदा त्याच्या कितीतरी पट आहे.

प्रश्न : वडिलांना (६६) तीन वर्षांपूर्वी अटॅक आला, शुगरही आहे. दोन्ही गोळ्या चालू आहेत. या वेळी एलडीएल ४८ आलं. आता तर एकदम कमी झालं, मग गोळी बंद करायची का एकाड एक दिवस? इतक्या कमी कोलेस्टेरॉलनं मेंदूवर, विसरभोळेपणावर परिणाम होतो असं व्हॉट्सॲपवर आलं होतं. (जुळे सोलापूर)

उत्तर : बंद करू नका. एकाड एकही करू नका. ४८ आलंय ते गोळीमुळं आलंय, गोळी काढली की काही आठवड्यांत एलडीएल जिथं होतं तिथं परत जातं.

यावर मला जरा लांब बोलायचंय, माझ्या घरात झालंय हे. माझे सख्खे मामा, शुगर जुनी, स्टेंट बसलेला, दोन गोळ्या घ्यायचे. एकदा एलडीएल ६१ आलं आणि मामा एवढे खूश झाले की पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. त्यांच्या डोक्यात बसलं की आजार गेला. कुणाला सांगितलं नाही, मामीलाही नाही, ब्लडप्रेशरची, शुगरची गोळी घेत राहिले आणि कोलेस्टेरॉलची तेवढी बंद केली. मी घरातला डॉक्टर, दर महिन्याला त्यांच्याकडं जेवायला जायचो, आणि मीही विचारलं नाही. आठ महिन्यांनी गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत दुसरा अटॅक आला. वाचले, पण हार्टचं पंपिंग पस्तीस टक्क्यांवर आलं, आता जिना चढला की बसावं लागतं. त्यांना हॉस्पिटलमध्ये कपडे न्यायचे म्हणून मामीनं कपाट उघडलं तर धोतरांच्या घडीखाली गोळ्यांच्या न फोडलेल्या पट्ट्या रबर लावून ठेवलेल्या, दर महिन्याला आणायचे आणि ठेवायचे, बिल दाखवायला हवं म्हणून. ते रबर लावलेलं बंडल मी अजून विसरलेलो नाही. तेव्हापासून पेशंटला गोळ्या घेता का असं विचारायचं मी सोडलं, पट्टी आणून दाखवा म्हणतो.

मेंदूचं म्हणाल तर मेंदू स्वतःला लागणारं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतो, रक्तातल्या एलडीएलवर तो अवलंबून नाही. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात इंजेक्शन देऊन लोकांचं एलडीएल ३० पर्यंत उतरवलं होतं आणि त्यांच्या स्मरणशक्तीच्या मुद्दाम चाचण्या घेतल्या, इंजेक्शन न घेतलेल्यांपेक्षा काही फरक सापडला नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं एलडीएलसुद्धा तिसाच्या आसपासच असतं आणि त्याचा मेंदू तर तेव्हा भराभर वाढत असतो. वडिलांना सांगा, ४८ एकदम छान आहे, असंच राहू दे.

प्रश्न : शेंगा चटणी बंद करायला सांगितलंय घरच्यांनी, तेल सुटतंय म्हणून. सोलापुरात राहून शेंगा चटणी नाही खायची तर कडक भाकरी कशाबरोबर खायची? मिस्टरांना शुगर आहे आणि मागल्या वर्षी बायपास झाली. (बाळीवेस)

उत्तर : ताई, चटणीला सोडा, बिचारीवर उगाच आळ आलाय. शेंगदाण्यात कोलेस्टेरॉल अजिबात नसतं, कुठल्याच वनस्पतीत ते नसतं. उखळात कुटताना जे तेल सुटतं ते बहुतांशी चांगल्या जातीचं. प्रश्न दोनच आहेत, एक म्हणजे मीठ, आणि दुसरा म्हणजे किती. मूठभर शेंगदाण्यात दीडशेच्या आसपास कॅलरी होतात आणि आपल्याकडं चटणी चमच्यानं नाही, वाटीनं घेतात, त्यावर परत कच्चं तेल ओतून. दोन चमचे चटणी, वरून तेल नको, मीठ निम्मं, आणि सोबत दही घरचं, साय काढलेलं. खुशाल खाऊ द्या.

ज्वारीची भाकरी गव्हापेक्षा, भातापेक्षा बरी वाटते पण ती पिठूळच आहे हे शुगरवाल्यानं ध्यानात ठेवायचं. कडक भाकरी पातळ आणि कुरकुरीत असते त्यामुळं तीन कधी संपल्या कळत नाही. एक-दीड भाकरी, ताटात निम्मी जागा भाजीला, आणि डाळ किंवा मटकी घट्ट. मेथी, गवार, शेपू काहीही चालेल.

ज्याला खरंच आवरायला पाहिजे ते वेगळंच आहे. वनस्पती तूप, बेकरीची खारी आणि टोस्ट, हॉटेलातलं पाम तेल, साय, लोणी, मटणाची चरबी, कलेजी, भेजा. चहासोबत रोज दोन खारी खाणारा माणूस मला म्हणतो मी तेलकट काही खात नाही, त्या खारीचा कागद उजेडात धरून बघा, आरपार दिसतं. साजूक तुपात साधारण साठ टक्के चरबी लिव्हरला एलडीएल वाढवायला लावणारी असते, शेंगदाणा तेलात ती वीस टक्क्यांच्या आत, करडईत दहाच्या आत. करडई तर आपल्या रब्बीचं जुनं पीक, घाण्यावरचं मिळत असेल तर शेंगदाणा आणि करडई आलटून पालटून वापरा, माणशी दिवसाला तीन-चार चमचे एवढंच. डाळिंबाचा ज्यूस नको, फळ दाणे सोलून अर्धी वाटी चालेल, ज्यूसमध्ये साखर तेवढी राहते आणि चोथा जातो. गूळ म्हणजे साखर नाही हा गैरसमज पण काढून टाका.

एवढं सगळं नीट पाळलं तर एलडीएल दहा-पंधरा टक्के उतरतं. बायपास झालेल्या माणसाला तेवढ्यानं भागत नाही म्हणून पथ्य आणि गोळी दोन्ही लागतात. लसूण, अर्जुनसाल, सफरचंदाचा व्हिनेगर यातलं काहीही गोळीच्या जागी चालणार नाही.

प्रश्न : वय ४४, शुगर आहे, एक नस साठ टक्के ब्लॉक सांगितलीय, औषधावर ठेवलंय. रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड ४३० आणि एलडीएलच्या जागी काहीच लिहिलं नाही. लॅब चुकली का? (होटगी रोड)

उत्तर : लॅब चुकली नाही. बहुतेक ठिकाणी एलडीएल मोजत नाहीत, टोटलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा वजा करून काढतात, आणि ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे गणित बिघडतं म्हणून जागा मोकळी ठेवतात. डायरेक्ट एलडीएल सांगून करून घ्या, किंवा वर सांगितलं तसं नॉन एचडीएल काढा, त्याला कसलंही गणित आडवं येत नाही.

४३० मागं तुमच्या वयात बहुतेक वेळा हाताबाहेर गेलेली शुगर, दारू, भात-गोड-कोल्ड्रिंक किंवा थायरॉइड असतो. शुगरची तीन महिन्यांची सरासरी आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) बघा. दारू घेत असाल तर पूर्ण बंद करून तीन आठवड्यांनी परत रिपोर्ट काढा, फरक तुम्हालाच दिसेल. ट्रायग्लिसराइडची वेगळी गोळी मागून घेऊ नका, ५०० च्या पुढं स्वादुपिंडाला सूज यायची भीती असते तेव्हा तिचा उपयोग, पण स्टॅटिनवर ती जोडून अटॅक कमी होतात असं शुगरवाल्यांच्या मोठ्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तुमचं मुख्य औषध स्टॅटिनच.

प्रश्न : सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं इंजेक्शन आलंय म्हणे, मग रोजची कटकट कशाला? (विजापूर रोड)

उत्तर : आलंय, इन्क्लिसिरान. पहिलं इंजेक्शन, मग तीन महिन्यांनी, मग दर सहा महिन्यांनी, एलडीएल निम्म्यावर येतं. दर पंधरा दिवसांनी घ्यायची दुसरी इंजेक्शनं पण आहेत आणि त्यांनी अटॅक कमी होतात हे मोठ्या अभ्यासात दिसलंय. पण महाग आहेत, आणि ती गोळ्या पुऱ्या पडल्या नाहीत किंवा खरंच सोसल्या नाहीत तर वर जोडायची असतात. आधी दोन गोळ्या नीट, रोज, पूर्ण डोसमध्ये घेऊन बघा. जेनेरिक घेतल्या तर खर्चही बराच कमी होतो.

प्रश्न : सासूबाई ६३ वर्षांच्या, चाळीस वर्षं विड्या वळल्या. शुगर आहे, चार वर्षांखाली बायपास झाली. कोलेस्टेरॉलच्या गोळीनं पाय दुखतात म्हणून त्यांनी तीन महिन्यांपासून गोळी सोडलीय. शेजारच्या काकू म्हणाल्या लिव्हर पण खराब होतंय. सांगितलं तर ऐकत नाहीत, म्हणतात मला माझे पाय कळतात. काय करू? (विडी घरकुल)

उत्तर : ताई, सासूबाई म्हणतात ते खरं आहे, त्यांचे पाय त्यांनाच कळतात. म्हणून आधी त्यांच्याशी भांडू नका, शांतपणे बसा आणि विचारा, आई, कुठं दुखतंय, बोट ठेवून दाखवा.

तळव्यांची आग होते, मुंग्या येतात, रात्री पांघरूण लागलं तरी नकोसं होतं असं म्हणाल्या तर ते शुगरनं मज्जातंतू खराब झाल्याचं दुखणं आहे, गोळीचा त्यात काही दोष नाही. गुडघे किंवा कंबर दाखवली तर चाळीस वर्षं मांडी घालून, सुपात तंबाखू घेऊन वाकून बसल्याचं ते दुखणं असायची शक्यता जास्त. पोटऱ्या दाखवल्या आणि चालायला लागलं की दुखतं, थांबलं की दोन मिनिटांत राहतं असं म्हणाल्या, तर थांबू नका, त्या आठवड्यातच डॉक्टरकडं न्या. पायाच्या रक्तवाहिन्या चोंदल्या की असं होतं, आणि तसं असेल तर ज्या गोळीवर आळ घेतलाय त्याच गोळीची त्यांना सगळ्यात जास्त गरज आहे. पाय हातात घेऊन बघा, एक पाय दुसऱ्यापेक्षा गार आहे का, बोटांच्या बेचक्यात कुठं जखम आहे का.

गोळीचं खरं दुखणं असतं ते दोन्ही मांड्यांत, खांद्यांत, सारखं, जड-जड, आणि गोळी सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही आठवड्यांत येतं. असं होतं काही जणांना, मी नाही म्हणत नाही. त्यासाठी सीपीके नावाची रक्ताची तपासणी आहे. सोबत टीएसएच करा, कारण थायरॉइड कमी असेल तर स्नायूही दुखतात आणि कोलेस्टेरॉलही वाढतं, आणि आपल्या बायकांत थायरॉइड तपासायचा राहून जातो. एसजीपीटी ही लिव्हरची तपासणीही करा म्हणजे शेजारच्या काकूंना कागदच दाखवता येईल. तो वरच्या मर्यादेच्या तीन पटींच्या आत असेल तर गोळी थांबवायचं कारण नसतं, आणि लिव्हरला खरी इजा होणं फार क्वचित.

२०२० मध्ये इंग्लंडमधला एक अभ्यास आला, त्रास होतो म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांचा. त्यांना वर्षभरासाठी बारा बाटल्या दिल्या, चारांत खरी गोळी, चारांत तशीच दिसणारी खोटी गोळी आणि चार रिकाम्या, कुठल्या महिन्यात खरी आणि कुठल्या महिन्यात खोटी ते सांगितलं नाही. रिकाम्या महिन्यांत त्रास कमी, पण खोट्या गोळीच्या महिन्यांत खऱ्या गोळीच्या नव्वद टक्के त्रास झाला. त्रास खोटा नव्हता, लोक खरोखर हैराण होते, पण बहुतेक त्रास गोळीतल्या औषधाचा नव्हता. त्यांना स्वतःचे आकडे दाखवल्यावर निम्म्या लोकांनी गोळी परत सुरू केली. सासूबाईंना हे गोष्टीसारखं सांगा, विड्या वळताना एकमेकींना सांगतात तसं.

आणि रिपोर्टमध्ये गोळीच कारण निघाली तरी रस्ता बंद होत नाही. काही दिवस थांबवून, दुखणं गेलं की दुसरं स्टॅटिन बारीक डोसनं सुरू करतात, रोज नाही जमलं तर एकाड एक दिवस, वर एझेटिमाइब. बऱ्याच जणांना दुसरं सोसतं. अजिबातच नाही सोसलं तर बेम्पेडोइक अ‍ॅसिड नावाची गोळी आता आपल्याकडं मिळते. (मघाशी मी एकाड एक नको म्हणालो ते मनानं करायचं नाही यासाठी, इथं डॉक्टरच ठरवून देतात.)

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत पण विचारतो. सासूबाई मिश्री लावतात का? इतकी वर्षं तंबाखूत हात असल्यावर सकाळी मिश्री लागतेच बऱ्याच जणींना, आणि ओढत नाही म्हणून त्या तिला तंबाखूत धरत नाहीत. बायपास झालेल्या बाईच्या नसांना तीही चालत नाही. पण हे पायाच्या दुखण्याबरोबर एकाच दिवशी काढू नका, आधी पाय.

येत्या सोमवारी बायपासची फाइल, उरलेली गोळ्यांची पट्टी आणि घरातल्या बाकीच्या सगळ्या गोळ्या, पेनकिलर आणि मेडिकलमधनं आणलेल्याही, एका पिशवीत घाला आणि दोघी मिळून जा. सीपीके, टीएसएच, एसजीपीटी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची) एकाच वेळी होतं, त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही. पायाच्या नाड्या डॉक्टरना हात लावून बघायला सांगा. आकडे आले की मला लिहा, पुढच्या अंकापर्यंत थांबत नाही, पत्रानंच उत्तर देतो.